खांद्याएवढा ओटा

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे सरांच्या, फाटकाजवळ एक ओटा होता आणि त्यावर कुणालाही बसता येत नसे. चांगला खांद्याएवढ्या उंचीचा ओटा. नवा माणूस कडावच्या त्या रस्त्याने आला की हमखास थांबून विचारायचा, हे काय आहे, अर्धवट राहिलेली भिंत की पाण्याची टाकी? गावातली पोरं म्हणायची, सरांनी हत्तीवर चढायला बांधलाय. सर ऐकून घेत आणि म्हणत, "हत्ती आला की बघू."

तो ओटा ओझ्यांसाठी होता. डोंगराखालच्या वाड्यांमधून बायका लाकडाच्या मोळ्या, पानांचे भारे, रानभाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराला निघत. डोक्यावरचं जड ओझं एकटीला धड उतरवता येत नाही, कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. वाटेत माणूस भेटला नाही तर चालत राहायचं, एवढाच इलाज. सरांच्या ओट्याशी मात्र बाई यायची, मान जराशी कलती करून मोळी त्यावर सरकवायची, पदराने तोंड पुसायची, फाटकाआतल्या माठातलं पाणी प्यायची आणि पुन्हा मोळीखाली डोकं घालून चालू पडायची. तरीही सर घरात असले की बनियनवर धावत जायचे आणि हात लावायचे. तुम्ही आहात तर ओटा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी आंघोळीला गेलो तर?"

मी कडावच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत बसायला आले तेव्हा त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. अंगणात चपला घालत नसत आणि दुसऱ्यालाही घालू देत नसत. रंगाच्या ब्रशचं पाणी आणि कोरा चहा शेजारी शेजारी एकसारख्या मगात ठेवत आणि आठवड्यातून एकदा तरी चुकीचा मग तोंडाला लावत. थुंकून म्हणत, "आज निळा होता." पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागले की सायकल थांबवून पाहात आणि दुसऱ्या दिवशी मला सांगत की अमक्याचा डावा कान उजव्यापेक्षा वर गेलाय, त्याला बिचाऱ्याला कुणी सांगत कसं नाही. ते खरंच अमक्याला सांगायला गेले होते, असं नंतर कळलं.

त्यांच्या सगळ्या तऱ्हांमध्ये मला सुरुवातीला सर्वांत जाच झाला तो एका गोष्टीचा. हातात किंवा डोक्यावर काही असलेल्या माणसाशी ते बोलत नसत. दूधवाला किटली घेऊन उभा राहिला की "आधी खाली ठेव." पोस्टमनला तेच. मी बाजारातून दोन पिशव्या घेऊन आले आणि सहज म्हटलं की सर, आज दवाखान्यात काय मजा झाली, तर ते भिंतीसारखे गप्प. पिशव्या ओसरीवर टेकल्या की मग चेहऱ्यावर जीव यायचा, "हं, काय झालं दवाखान्यात?" फोनवरसुद्धा ते पलीकडच्या माणसाला विचारत, हातात काय आहे? काही असेल तर ठेवून ये, मग बोल. म्हातारा आहे, एकटा आहे, चालायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

खोली मला मिळाली त्याचीही एक तऱ्हाच होती. घराच्या मागे, एका कडेला पत्र्याची शेड होती. पहिल्या दिवशी सरांनी मला थेट तिकडे नेलं, आतल्या बुटक्या खाटेकडे बोट दाखवून "बसा" म्हणाले आणि दार ओढून निघून गेले. समोर ती उभी होती.

सर तिला पुतळा म्हणत नसत, मूर्ती तर नाहीच नाही. "ती" म्हणत. माणसाएवढी, भाजलेल्या मातीची, वीटभट्टीवरची कातकरी बाई. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर विटांची रास. एक हात वर जाऊन फळीला टेकलेला. दुसरा थोडा पुढे आलेला, तळवा अर्धा उघडा. मान खांद्यांमध्ये रुतलेली. उभं राहून पाहिलं तर ती नुसती एक कष्ट करणारी बाई वाटायची, कारण तिची नजर खाली होती. पण सरांनी ती नजर बरोबर त्या खाटेच्या उंचीवर ठेवली होती. खाटेवर बसलं की ती थेट तुमच्याकडे पाहायची. रागाने नाही, रडूनही नाही. तुमच्याकडून तिला काहीतरी हवंय आणि ते अगदी साधं आहे, तुम्हाला सहज देता येण्यासारखं आहे, एवढंच त्या नजरेत होतं. मला उठावंसं वाटलं आणि उठवेना.

बाहेर आले तेव्हा सर पायरीवर होते. काय वाटलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मान दुखायला लागली. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. नंतर कळलं की माझ्याआधी एक बँकेतले गृहस्थ येऊन गेले होते. ते बाहेर येऊन "अप्रतिम कलाकृती" म्हणाले. सरांनी त्यांना गार पाणी दिलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं.

तिला पाहायला माणसं येत. कर्जतच्या आसपास आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत फार्महाऊस झालीत, त्यातले एक मालक आले. खाटेवर बसले नाहीत, चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले की आमच्या पोहण्याच्या तलावाशी ही फार शोभेल, फक्त विटांमधून पाणी पडेल अशी नळी आतून घालता येईल का? सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "पाणी तिलाच प्यायला दिलं असतं, पण तिचे हात मोकळे नाहीत." मालकांना ते कळलं नाही. मोठी गाडी आमच्या बोळातून उलटी काढताना त्यांचा आरसा ओट्याला घासला, तेव्हा सरांना झालेला आनंद काही लपला नाही.

मुंबईच्या कला महाविद्यालयातली मुलं कोंडाण्याची लेणी बघायला आली की परतताना इकडे वळत. त्यातली एक मुलगी खाटेवर बसली आणि रडायलाच लागली, हुंदके देऊन. तिच्या मैत्रिणी गहिवरल्या. सर मात्र स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला लागले. मला वाटलं, यांनाही रडू आलंय आणि कांद्याचं निमित्त करतायत. तसलं काही नव्हतं. ते पोहे करत होते. म्हणाले, रडून झालं की भूक लागते, बघ तू. आणि त्या मुलीने खरोखर दोन बशा खाल्ल्या. ती गेल्यावर सर म्हणाले की मुलगी चांगली आहे, तिला दोष नाही, पण रडल्यावर माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं, तेच वाईट.

शेजारच्या वहिनींनी तर कहर केला. त्यांच्या नातीचा ताप उतरेना तेव्हा त्या घाबऱ्या होऊन शेडमध्ये येऊन बसल्या होत्या म्हणे, आणि ताप उतरला. औषध माझ्या खिडकीतून गेलं होतं, पण माझी आठवण कुणाला राहते? नवरात्रात एका सकाळी पाहते तर तिच्या कपाळाला कुंकू, पायाशी खण-नारळ आणि पुढे आलेल्या त्या तळव्यावर पेढा. सरांनी बादली आणि फडकं घेतलं आणि कुंकू पुसायला सुरुवात केली. वहिनी धावत आल्या. बराच वाद झाला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मास्तर, देवी हाय ती. आमाला तिच्या डोळ्यात बघवत नाय, म्हनून पाया पडतो."

सर फडकं पिळत म्हणाले, "बाईची देवी केली की तिला जेवायला घालावं लागत नाही. नैवेद्य दाखवला की भागतं."

वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. सर पेढा मात्र खाऊन बसले होते.

त्याच दिवशी मी विचारलं, सर, ही आहे तरी कोण? इतके दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्या दिवशी ओले हात धोतराला पुसून ते खाटेच्या कडेला बसले आणि तिच्याकडे बघत सांगू लागले.

सरांच्या वडिलांची खालापूरकडे पाताळगंगेच्या काठाला वीटभट्टी होती. वडिलांना सगळे आबा म्हणत. दिवाळी झाली की वाड्यांमधली कातकरी कुटुंबं भट्टीवर राहायला येत, ती पावसाच्या तोंडाला परत जात. येण्याआधी पावसाळ्यात त्यांनी बयाणा, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, उचललेला असे, आणि तो काही केल्या फिटत नसे. फिटेपर्यंत भट्टी सोडून जायचं नाही, हा नियम. हिच्या नवऱ्याने बयाणा घेतला आणि तो वारला. बयाणा हिच्या अंगावर आला. हिचा मुक्काम तसाच पुढच्या वर्षात गेला, मग त्याच्या पुढच्या. बांधून ठेवलेलं नव्हतं कुणी. दोरीची गरजच नव्हती.

एका शिमग्याला ती न विचारता आईच्या वाडीवर गेली. दोन दिवसांनी आपली आपण परत आली आणि काही न बोलता विटा वाहू लागली. ऊन चढलं होतं. आबा झाडाखाली खाटेवर बसले होते, सर त्यांच्या शेजारी, तेव्हा शाळेत जाणारे, हातात कलिंगडाची फोड. आबांनी तिला हाक मारली. ती डोक्यावर विटांची फळी तशीच घेऊन समोर येऊन उभी राहिली आणि आबांनी तिच्याशी गप्पा मारायला सुरुवात केली.

"मारलं नाही," सर म्हणाले. "शिवी दिली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. शिमगा कसा झाला, कोण कोण आलं होतं, कोण नाचलं, जेवायला काय होतं, तुझ्या म्हातारीचे डोळे कसे आहेत. चहा मागवला, प्याले. मग पुन्हा विचारायला लागले. ती प्रत्येक गोष्टीला उत्तर देत होती. भट्टीवरची सगळी माणसं कामं करत होती आणि सगळ्यांना दिसत होतं."

ओझंवाल्या बाईला उभी करून बोलू नये, ही आपल्याकडची साधी रीत. आधी हात लावायचा, मग ख्यालीखुशाली. ती रीत आबांनाही ठाऊक होती, म्हणून तर त्यांनी शिक्षा तीच शोधली. थोड्या वेळाने तिने हात जरासा पुढे केला आणि खाटेवरच्या पोराकडे पाहिलं. तोंडाने काही बोलली नाही. हात लाव रं बाळा, एवढंच म्हणणं होतं. सरांच्या गुडघ्यावर आबांचा हात होता. तो हात काही जड नव्हता, असं सर म्हणाले. उठता आलं असतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कलिंगड संपवलं."

पुढच्या साली ती भट्टीवर नव्हती. कुणी म्हणे मेली, कुणी म्हणे दुसऱ्या भट्टीवर गेली. तिचं नाव सरांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते मला सांगितलं नाही. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कसं सांगू, म्हणाले. हे असलं ते अगदी गंभीरपणे म्हणत, आणि आपल्याला हसायची चोरी.

आता ते ओट्याचं आणि पिशव्यांचं मला कळलं. पण खरी अडचण निराळीच होती आणि ती पनवेलला राहात होती. सरांची थोरली बहीण, अक्का. आबांनी अक्कांना खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्या काळात मुलीला हट्टाने कॉलेजात घातलं. अक्कांचे आबा ते होते. सरांनी भट्टीतल्यासारखी माती मळून ती घडवली, तिच्याभोवतीच विटा रचून, तूस आणि कोळसा घालून तिला भाजलं आणि ती दुपार सांगून पहिल्यांदा दाखवायला बोलावलं ते अक्कांना. अक्का खाटेवर बसल्या, उठल्या आणि विटांजवळ गेल्या. प्रत्येक भट्टीवाला विटेवर आपलं नाव उठवतो. त्या डोक्यावरच्या प्रत्येक विटेवर आबांच्या नावाची अक्षरं होती.

आबांनी त्या माणसांना कधी उपाशी ठेवलं नाही, असं अक्का म्हणाल्या. गेलेल्या बापाची अशी धिंड काढतोस, म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी तोडगाही सुचवला. बाई राहू दे, तिच्या डोक्यावरचं तेवढं काढून टाक, मी दर भाऊबीजेला येईन. सरांनी नकार दिला. अक्का जेवायला थांबल्या नाहीत, आणि त्यानंतर भाऊबीज आली नाही.

म्हणजे तारीख यायची. सर इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर पाट मांडून ठेवायचे. दुपारी पाट उचलायचे. एका वर्षी मला राहवेना, मी ओवाळते म्हटलं, तर म्हणाले, तू भाडेकरू आहेस, पायरी सोडू नकोस. आणि हसून पाट आत घेऊन गेले. फोन लावा, मी म्हणायचे. ते म्हणायचे, फोनवर काय बोलू? ती म्हणेल काढ. आणि काढलं तर आबा सुटले. मग ही नुसती एक बाई राहते, हात वर करून उभी. त्यासाठीच तर मी रास वेगळी केली नाही, एकाच मातीत घडवली, एकदमच भाजली. कुणाला काढताच येऊ नये.

मला त्यांचं पटायचं आणि त्यांची कीवही यायची. एका मेलेल्या बापाला सुटू द्यायचं नाही म्हणून हा माणूस जिवंत बहिणीला मुकला होता.

मग सरांच्या हृदयाने त्रास दिला. इस्पितळातून आले तेव्हा निम्मे झाले होते. जिना चढायचा नाही, धावायचं नाही, ओझ्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं त्यांना फार लागलं. ते शेडमधल्या खाटेवरच पडून राहू लागले, दार उघडं टाकून, म्हणजे फाटक दिसे. ओट्याशी कुणी आली की मला हाका मारत, "अगं, जा, हात लाव." सुट्टीच्या दिवशी माझं दुसरं काम नव्हतं.

सोमीबाई आमच्या ओट्यावरची नेहमीची. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरून मोळी घेऊन यायची. वय तिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या खिडकीशी मानेच्या गोळ्या न्यायला यायची म्हणून माझी ओळख. दिवाळीच्या आधी एकदा तिची मोळी ओट्यावर टेकवून मी तिला पाणी द्यायला गेले, तर माठ रिकामा. आत चल म्हटलं. मी भरून दिलेला तांब्या घेऊन ती शेडच्या दाराशी आली आणि आत पाहून थांबली. इतकी वर्षं ती फाटकापर्यंतच येत होती.

सोमीबाई खाटेवर बसली नाही. त्या मातीच्या बाईजवळ गेली, आपल्याएवढीच उंची आहे हे पाहिलं. मग चुंबळीकडे, मानेकडे, वर गेलेल्या हाताकडे. सर उठून बसले. ती कोण, कशाची, कुणी केली, काही विचारलं नाही तिने.

"कवाधरनं हुबी हाय ही?" ती म्हणाली.

लई वर्षं झाली, असं सर पुटपुटले.

"आन कुनी उतरवलं नाय?"

सोमीबाईने तांब्या खाली ठेवला, समोर उभी राहिली आणि वर हात करून फळीला दोन्हीकडून धरलं, रस्त्यात कुणालाही धरते तसं. जोर लावला. फळी हलली नाही. तिने मागे वळून सरांना सांगितलं, "मास्तर, तुमी त्या अंगानं धरा."

मी अडवायला पुढे झाले, पण सर उठले होते. त्यांनी पलीकडून हात लावला. मातीच्या त्या विटांना दोघं दोन बाजूंनी धरून उभी होती आणि काहीच होत नव्हतं. शेवटी सर म्हणाले, निघायचं नाही ते, एकाच मातीचं आहे, मीच तसं केलंय.

सोमीबाईने हात काढून घेतले. रागावली नव्हती ती. तिला नवल वाटलं होतं.

"उतरत नाय आसं वझं बाईला देतं का कुनी?" ती म्हणाली. पाणी प्यायली, मला हात लावायला सांगितला आणि मोळी घेऊन गेली.

सर खाटेवर बसून राहिले. तिची नजर अर्थातच त्यांच्यावर होती. ते म्हणाले, "आबांनी हिला एक दुपार उभी केली. बाकीची वर्षं मी." मी म्हटलं, सर, असं नाही हो. ते म्हणाले, असंच आहे. अक्काने काढ म्हटलं ते आबांसाठी. हिच्यासाठी कुणी म्हटलंच नाही, आणि मलाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लोखंड कापायची करवत काढली. डॉक्टरांचं नाव घेऊन मी पुष्कळ भांडले, मग हात टेकले. ते थोडं कापत, दम लागला की खाटेवर पडत, मी थोडं कापे. भाजलेली माती करवतीखाली दातांवर काटा येईल असा आवाज करते. चुंबळ आणि फळी यांच्या मधून कापायचं होतं, आणि वर गेलेल्या हाताची बोटं फळीपासून सोडवायची होती. एक बोट तुटलंच. सरांनी ते खिशात ठेवलं.

रास उतरली तेव्हा मला वाटलं होतं, आता ती मोकळी दिसेल. तशी दिसली नाही. चुंबळ डोक्यावर, हात तसाच वर, आणि मान खांद्यांमध्ये तशीच रुतलेली. ओझं गेल्याचं मानेला कळलंच नव्हतं. सर खूप वेळ तिच्या मानेवरून ओलं फडकं फिरवत राहिले, जणू कच्ची माती आहे आणि अजून सरळ करता येईल. मला ते बघवेना, मी चहा ठेवायला गेले.

रासेचं काय करायचं, हा प्रश्नच नव्हता म्हणे. ओझी ठेवायची जागा आपल्याकडे एकच. भाऊबीजेच्या सकाळी वहिनींच्या दोघा मुलांना बोलावून सरांनी ती फाटकाजवळच्या ओट्यावर मांडली, रस्त्याच्या बाजूला आबांची अक्षरं येतील अशी. आणि अक्कांना फोन केला. "अक्का, डोक्यावरचं काढलं," एवढंच म्हणाले. कुठे ठेवलं ते बोलले नाहीत. लबाडी म्हणा, पण इतक्या वर्षांनी बहिणीला हाक मारायची दुसरी वाट त्यांच्यापाशी नव्हती.

अक्का आल्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा मी पाहिलं, अगदी सरांचंच नाक. रेशमी साडी, हातात ताटाची पिशवी. सर ओसरीवर पाटाशेजारी उभे. अक्का फाटकाशी आल्या आणि ओट्यावरची ती रास त्यांना दिसली. अक्षरं दिसली. त्यांचा चेहरा असा काही बदलला की आता या परत रिक्षात बसणार, हे मी ओळखलं. पिशवी रिक्षात परत ठेवून त्या वळल्या आणि सरांवर कडाडल्या, "हे काढलंस होय तू? रस्त्यावर मांडलंस?"

आणि त्याच वेळी सोमीबाई मोळी घेऊन ओट्याशी आली. सवयीने मान कलती केली आणि थबकली. ओट्यावर जागा नव्हती. एवढा विचार करणारा माणूस, पण हे काही सरांच्या ध्यानात आलं नव्हतं. मीही ओसरीवर, लांब. सोमीबाई मोळीखाली उभी, आणि तिच्या सर्वांत जवळ होत्या अक्का. तिने मोकळा हात पुढे केला.

"बाय, हात लाव गं जरा."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या सरांना म्हणत होत्या, आबांचं नाव तू असं—

"अक्का," सर म्हणाले. "आधी तिचं उतरव. मग बोल."

मी पायरी उतरले होते, पण सरांनी माझा दंड धरला. अक्का थांबल्या. सोमीबाईचा हात तसाच पुढे होता. मग अक्कांनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी मोळी धरली. सोमीबाईने डोकं काढून घेतल्याबरोबर सगळा भार अक्कांच्या हातांवर आला, त्या वाकल्या, तोंडातून "अगं आई" निघालं. दोघींनी मिळून मोळी कशीबशी खाली टेकवली. अक्कांच्या तळव्यांवर सालपटं रुतली होती, साडीला चीक लागला होता. त्या हातांकडे बघत राहिल्या. सोमीबाईने खाली बसून मान डावी-उजवीकडे फिरवली आणि पाणी मागितलं.

अक्का ओट्यापाशी गेल्या. एका विटेवर, अक्षरांवर, हात ठेवून उभ्या राहिल्या.

"किती वेळ रे उभी होती ती?" त्यांनी विचारलं.

"दुपारभर," सर म्हणाले.

अक्का आत आल्या. पाट मांडलेला होता, निरांजन मी लावून ठेवलं होतं. पण त्या ओसरीवर चढल्या नाहीत. वळसा घालून शेडकडे गेल्या आणि खाटेवर बसल्या. सर त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि मी सोमीबाईला पाणी द्यायला फाटकाशी गेले. त्या वर्षी ओवाळायला संध्याकाळ झाली.